१७५१ सालचं इंग्लिश कवितेचं पुस्तक कसं वाचायचं? कवितेला सगळ्यात शेवटी हात लावा

बीएला इंग्लिश घेतलेल्या बऱ्याच जणांनी थॉमस ग्रे या अठराव्या शतकातल्या इंग्लिश कवीची एलेजी (म्हणजे शोककविता) 'केलेली' असते, वाचलेली असतेच असं नाही. मीही गाइडमधूनच केली. खेड्यातल्या चर्चचं आवार, संध्याकाळ, गाईगुरं परत चाललीयत, जमिनीखाली झोपलेली साधी माणसं, आणि शेवटी एक दहा मार्कांचा प्रश्न. पुढे बऱ्याच वर्षांनी एका रात्री झोप येईना म्हणून नेटवर पहिल्या आवृत्तीचं स्कॅन उघडलं, आणि पहिली दहा मिनिटं मला वाटलं की फाईलच खराब आहे. 'सॉलेम' च्या जागी चक्क 'फॉलेम', पानाच्या खालच्या कोपऱ्यात एकटाच लटकलेला एखादा शब्द, कवीचं नाव कुठेच नाही, आणि कडव्यांच्या मधे जागाच सोडलेली नाही, सगळं सलग.

फाईल खराब नव्हती, मला वाचता येत नव्हतं. मग हळूहळू शिकलो, आणि आता ज्यांना अठराव्या शतकाच्या मधली इंग्लिश कविता मूळ रूपात बघायचीय त्यांना सांगतो की कविता थोडी थांबू द्या, आधी तिच्या आजूबाजूचं सगळं वाचा. उदाहरण म्हणून एलेजीच घेऊया कारण ती फुकट मिळते, छोटी आहे, आणि तिच्या छपाईची गोष्ट पत्रांमधून तारीखवार टिकलीय.

आधी बरोबर पुस्तक शोधा

इथेच निम्मे लोक चुकतात. सर्चमध्ये एलेजी टाकली की एकोणिसाव्या शतकातल्या चित्रबित्र काढलेल्या शंभर आवृत्त्या येतात आणि आपण त्यातली कुठलीतरी उघडून 'जुनं पुस्तक' म्हणून खूश होतो. पहिल्या आवृत्तीची खूण सोपी आहे. तिच्या नावात 'रिटन' नाही, 'रोट' आहे, म्हणजे 'ॲन एलेजी रोट इन अ कंट्री चर्च यार्ड'. हे व्याकरण आज कानाला खटकतं, पण ती छापखान्याची चूक नाही, ग्रेने स्वतःच पत्रात 'रोट' असं कळवलं होतं. थॉमस ग्रे आर्काइव्ह नावाची साइट आहे तिथे त्याची पत्रं आणि कविता टिपांसकट मिळतात, शिवाय इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्स आहेतच. हां, अठराव्या शतकातल्या पुस्तकांचे जे मोठे पेड डेटाबेस आहेत ते युनिव्हर्सिटीच्या लॉगइनशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे नातेवाइकांत कोणी तिकडे पीएचडी करत असेल तर आत्ताच गोड बोलून ठेवा.

टायटल पेज तळापासून वर वाचा

नवीन माणूस वरून वाचतो. वर पुस्तकाचं नाव असतं, ते तर तुम्हाला माहीतच आहे. खरा माल तळाशी. एलेजीच्या तळाशी लिहिलंय की लंडन, आर. डॉड्स्लीसाठी छापलं, पॉल मॉल, आणि एम. कूपर यांच्याकडे विक्रीला, पॅटरनॉस्टर रो, १७५१, किंमत सहा पेन्स.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'प्रिंटेड फॉर' पुढे जे नाव येतं तो पैसे घालणारा, म्हणजे आजच्या भाषेत प्रकाशक, त्या काळी त्याला बुकसेलरच म्हणायचे. 'प्रिंटेड बाय' असेल तर तो छापखानेवाला, आणि छापखानेवाल्याचं नाव कित्येकदा नसतंच, तो बिचारा पडद्यामागे. 'प्रिंटेड फॉर द ऑथर' दिसलं की समजायचं कवीने स्वतःच्या खिशातून किंवा वर्गणी काढून केलंय. आणि 'सोल्ड बाय' म्हणजे वितरण. डॉड्स्लीचं दुकान पॉल मॉलला, उच्चभ्रू वस्तीत, आणि पुस्तकांचा घाऊक धंदा चालायचा तो सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या पॅटरनॉस्टर रोला, म्हणून तिथली मेरी कूपर जोडीला. ही बाई नवऱ्यामागे त्याचा धंदा चालवत होती, आणि त्या काळातल्या एवढ्या पुस्तकांवर तिचं नाव दिसतं की थोड्या दिवसांनी ती ओळखीची वाटायला लागते.

पण सावध राहा, कूपरचं एकटीचं नाव दिसलं तर त्यामागे दुसरं कोणी लपलेलं असू शकतं. याचं आपल्याला गंमत वाटेल असं उदाहरण आहे. १७५० च्या शेवटी एक छोटं बोधवचनांचं पुस्तक आलं, 'द इकॉनॉमी ऑफ ह्यूमन लाइफ', टायटल पेजवर दावा असा की हे एका प्राचीन ब्राह्मणाने लिहिलेल्या भारतीय हस्तलिखिताचं भाषांतर आहे. तुफान खपलं. इम्प्रिंटवर, म्हणजे टायटल पेजच्या तळाच्या या प्रकाशकाच्या ओळींत, नाव कूपरबाईंचं. प्रत्यक्षात ब्राह्मण नाही, हस्तलिखित नाही, लिहिणारा खुद्द डॉड्स्ली! आणि साल बघाल तर छापलंय १७५१, कारण वर्षाच्या शेवटी आलेल्या पुस्तकावर पुढचं साल टाकायची सर्रास पद्धत होती, म्हणजे माल जास्त दिवस ताजा वाटतो. दिवाळी अंक ऑक्टोबरात येतो ना, तसंच काहीसं.

सालाबद्दल अजून एक खड्डा आहे. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये सरकारी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखा कधीकधी १७५०/५१ अशा दुहेरी लिहिलेल्या सापडतात. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू व्हायला लागलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. तारखा जुळवताना डोकं फिरलं तर कारण बहुतेक हेच असतं.

आणि हा डॉड्स्ली कोण तर आधी श्रीमंतांच्या घरी गणवेश घालून उभा राहणारा नोकर. नोकरीत असतानाच कविता लिहिल्या, १७३२ मध्ये 'अ म्यूज इन लिव्हरी' नावाने त्यांचं पुस्तक आलं, मग अलेक्झांडर पोपसारख्या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या कवीने मदत केली आणि १७३५ मध्ये याने दुकान टाकलं. पंधरा वर्षांत इंग्लंडमधल्या नव्या कवितेचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रकाशक झाला. लेखक सॅम्युअल जॉन्सनला त्याच्या गाजलेल्या इंग्लिश डिक्शनरीची कल्पना सुचवणाऱ्यांतही हाच.

किंमत वाचताना हातात हिशेबाची वही

१ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग. ज्यांच्या आजी-आजोबांनी रुपये-आणे-पैचा हिशेब केलाय त्यांना हे अवघड नाही. एलेजी सहा पेन्सला, म्हणजे अर्धा शिलिंग. आता याच सहा पेन्सात 'जंटलमन्स मॅगझिन' चा महिन्याचा आख्खा अंक मिळायचा, बातम्या, लेख, पार्लमेंटच्या गप्पा, पिकांचे भाव आणि वर कवितांची दोन-चार पानं. आणि एलेजी सगळी मिळून जेमतेम बारा पानांची. म्हणजे कविता स्वस्त नव्हती. खेड्यातल्या मजुराला दिवसाला साधारण एक शिलिंग मिळायचा, म्हणजे ज्या नांगरणाऱ्या शेतकऱ्यांवर ही कविता आहे त्यातल्या एकाला ती विकत घ्यायची तर अर्ध्या दिवसाची मजुरी. कविता कोणाबद्दल आहे आणि कोणासाठी छापली यातलं हे अंतर किमतीवरून जेवढं कळतं तेवढं मला दहा मार्कांच्या उत्तरातून कधी कळलं नव्हतं.

अक्षरं, कोपऱ्यातला शब्द, फर्मे

आता तो 'फॉलेम'. त्या काळी इंग्लिश एसची दोन रूपं होती. शब्दाच्या शेवटी आपला नेहमीचा वळणदार एस, आणि सुरुवातीला किंवा मधे लांब एस, जो लांबून बघितला तर हुबेहूब एफ वाटतो. फरक मधल्या आडव्या रेघेत. एफची रेघ उभ्या दांड्याच्या आरपार जाते, लांब एसला फक्त डाव्या बाजूला छोटंसं टोक असतं, आणि तिरप्या अक्षरांत तर बहुधा तेही नसतं. दोन पानं मोठ्याने वाचली की डोळा आपोआप सरावतो, तेवढी दोन पानं मात्र शेजारी कोणी नसताना वाचा. कॉम्प्युटरला हे अजूनही नीट जमत नाही, म्हणून स्कॅनमध्ये शब्द शोधताना एसच्या जागी एफ टाकूनही शोधायचं, ही युक्ती मला कोणी सांगितली असती तर माझा एक आख्खा रविवार वाचला असता.

पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात जो एकटा शब्द असतो तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. छापखान्यात पानांचा क्रम चुकू नये म्हणून तो टाकायचे, कवितेशी संबंध नाही, वाचताना दोनदा वाचू नका. काही पानांच्या तळाशी मधोमध बी, बी-टू अशी खूण दिसते ती फर्म्याची, म्हणजे ताव छापून घडी घातल्यावर होणाऱ्या पानांच्या जुडीची. ज्यांनी जुन्या मराठी छापखान्यात पाऊल टाकलंय त्यांना फर्मा म्हणजे काय ते सांगायला नको. एक ताव दोनदा घडी घातला की चार पत्रे, आठ पृष्ठं, याला क्वार्टो म्हणतात. कवितेची मोठी, ऐटदार, सुटी पुस्तिका बहुधा क्वार्टो किंवा त्याहून मोठी फोलिओ, तीन घड्यांचा ऑक्टेव्हो हा संग्रहांचा आकार. स्कॅनमध्ये आकार कळत नाही, सगळी पुस्तकं स्क्रीनएवढीच दिसतात, म्हणून कॅटलॉगमध्ये आकार काय दिलाय ते बघून ठेवा. एलेजी क्वार्टो. बारा पृष्ठं म्हणजे दीड ताव फक्त. हा दीड ताव लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

सुरुवातीची टीप: खोटं बोलणारं पान

टायटल पेज उलटलं की एक छोटी टीप येते, खाली सही 'संपादक'. ही कविता माझ्या हाती अपघाताने आली, असं तो म्हणतो, आणि वर पुन्हा मल्लिनाथी की जिची एवढी वाहवा झालीय तिच्या फिरण्याला अपघात म्हणायचं तरी कसं. अशा टिपा या काळात ढिगाने सापडतील आणि त्यातली एकही जशीच्या तशी खरी मानायची नाही. प्रत्येक वेळी विचारायचं की हे कोण बोलतोय आणि का.

इथे बोलणारा होरेस वॉलपोल, ग्रेचा शाळेपासूनचा मित्र, माजी पंतप्रधानांचा मुलगा. ग्रेने कविता १२ जून १७५० ला त्याला पाठवली. वॉलपोलला राहवलं नाही, त्याने ती ओळखीपाळखीत वाचायला दिली, त्यांनी नकला केल्या, नकलांच्या नकला झाल्या. हा प्रकार आपल्याला परका नाही, त्याच सुमाराला आपल्याकडे मोरोपंत (जन्म १७२९) रचना करत होते आणि त्या पसरत होत्या त्या हाताने नकललेल्या पोथ्यांतून आणि कीर्तनकारांच्या तोंडून, मराठी छापखाना यायला अजून बराच अवकाश होता. फरक एवढाच की लंडनमध्ये नक्कल एका चुकीच्या हातात पडली की आठवड्याभरात छापून बाजारात यायची.

तसंच झालं. १० फेब्रुवारी १७५१ ला ग्रेला केंब्रिजमध्ये पत्र आलं, 'मॅगझिन ऑफ मॅगझिन्स' नावाच्या मासिकाकडून. तुमची कविता आमच्याकडे छापायला घेतलीय, तुमची परवानगी असावी, आणि पुढेही पत्रव्यवहार ठेवावा ही विनंती. म्हणजे चोरी झालीय आणि चोर वर चहाला बोलावतोय. दुसऱ्या दिवशी ग्रेने वॉलपोलला लिहिलं की हे लोक माझ्यावर जो सन्मान लादतायत त्यातून सुटायची एकच वाईट वाट उरलीय, डॉड्स्लीकडून ताबडतोब छापून घे.

त्या पत्रातल्या सूचना नीट वाचा, कारण हीच तुमची चेकलिस्ट. माझं नाव घालायचं नाही. आकार डॉड्स्लीला सोयीचा असेल तो, पण कागद आणि खिळे (छपाईची अक्षरं) त्याच्याकडचे सगळ्यात चांगले. प्रुफं त्याने स्वतः तपासायची. कडव्यांच्या मधे जागा सोडायची नाही, कारण काही ठिकाणी अर्थ कडव्यापलीकडे जातो. नाव अमुकच ठेवायचं. आणि ही अपघाताने हाती आली अशी एकदोन ओळी घातल्या तर बरं. आता स्कॅन समोर ठेवून टिक करत जा. नाव नाही, बरोबर. जागा सोडलेली नाही, बरोबर. अपघाताची टीप आहे. नावात 'रोट' आहे, तेही बरोबर.

१५ फेब्रुवारीला पुस्तक बाजारात. पत्र पोचल्यापासून मोजके तीन-चार दिवस! हे जमलं कारण काम दीड तावाचं होतं. मासिक १६ तारखेला आलं, एक दिवस उशिरा. टायटल पेजवर कवट्या-हाडांची ठोकळ्याची नक्षी आणि शोकाच्या काळ्या पट्ट्या आहेत, त्यांची मागणी ग्रेच्या पत्रात कुठे दिसत नाही. मला विचाराल तर ती नक्षी कवितेला शोभत नाही, कविता फार हळू आवाजात बोलते आणि नक्षी छाती बडवते. पण घाईत जे ठोकळे हाताशी असतील ते लावायचे, धंदाच तो.

२० फेब्रुवारीच्या पत्रात ग्रे म्हणतो की डॉड्स्ली दाईने बाळाला पाळण्यात एकदोन चिमटे काढलेत, त्यांचे वण जन्मभर राहतील, पण असू दे, त्यामुळे उलट ते अपघाताने आल्यासारखंच दिसेल. मार्चच्या सुरुवातीला मग त्याने छपाईतल्या मुख्य चुका मोजून सांगितल्या. 'सीक्रेट' च्या जागी 'सेक्रेड', 'स्माइलिंग' च्या जागी 'फ्राउनिंग', म्हणजे हसणाऱ्या माणसाच्या कपाळाला खिळे जुळवणाऱ्याने आठ्या घातल्या.

म्हणून एकाच आवृत्तीवर थांबू नका, दोन टॅब उघडून दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. मार्च १७५१ पर्यंत तिसरी आवृत्ती आली होती, दुरुस्त केलेली. त्या वर्षीच्या नंतरच्या काही प्रतींत एक जास्तीचं कडवं भेटतं, थडग्यावर कोणीतरी न दिसता ठेवून गेलेली फुलं, तिथे घरटं करणारा छोटा रॉबिन पक्षी आणि जमिनीवर उमटलेली हलकी पावलं. १७५३ च्या आवृत्तीत ते पुन्हा गायब. ग्रेनेच काढलं. मला ते कडवं आवडतं आणि काढलं ते योग्यच झालं असंही वाटतं, या दोन्ही गोष्टी एकदम कशा वाटतात ते विचारू नका. आणि डब्लिनला छापलेल्या प्रती भेटल्या तर दचकू नका, १७१० चा कॉपीराइटचा कायदा आयर्लंडला लागू नव्हता, तिथले छापखानेवाले लंडनची पुस्तकं बिनदिक्कत पुन्हा छापायचे. मासिकांना तर लंडनमध्येही फार कोणी अडवत नव्हतं, एलेजी एकाहून जास्त मासिकांत येऊन गेलीय असं ग्रे स्वतःच त्या मार्चच्या पत्रात म्हणतो.

पैसे कोणी दिले, कोणाला मिळाले

कुठलंही पुस्तक घेतलं की हा प्रश्न विचारायचाच. तेव्हा रॉयल्टी नव्हती, कवी कॉपीराइट एकरकमी विकून मोकळा व्हायचा. जॉन्सनला 'लंडन' या कवितेचे १७३८ मध्ये डॉड्स्लीने १० गिनी दिले, १७४९ च्या 'व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' चे १५. मार्क एकिनसाइड नावाच्या तरुणाने १७४४ मध्ये आपल्या लांबलचक कवितेचे १२० पौंड मागितले, डॉड्स्ली बिचकला, हस्तलिखित पोपला दाखवलं, पोप म्हणाला कंजुषी करू नकोस, हा रोजचा लेखक नाही, आणि डॉड्स्लीने दिले. एलेजीचे ग्रेला किती? शून्य. त्याने घेतलेच नाहीत, कवितेचे पैसे घेणं त्याला सभ्य माणसाला न शोभणारं वाटायचं. डॉड्स्लीने मात्र तिच्यावर चांगली कमाई केली. पुढे १७५७ मध्ये ग्रेच्या दोन ओड (गंभीर, भारदस्त शैलीतल्या कविता) वॉलपोलने स्वतःच्या घरच्या छापखान्यात, स्ट्रॉबेरी हिलला, छापल्या तेव्हा कुठे ग्रेने डॉड्स्लीकडून ४० गिनी घेतले.

उलट टोकाला विल्यम कॉलिन्स. त्याच्या ओड अँड्र्यू मिलरने डिसेंबर १७४६ मध्ये काढल्या, टायटल पेजवर अर्थात १७४७. खपल्या नाहीत. त्याच महिन्यात त्याचा मित्र जोसेफ वॉर्टनच्या ओड डॉड्स्लीने काढल्या त्यांची दुसरी आवृत्तीसुद्धा निघाली. पुढे थोडे पैसे हातात आल्यावर कॉलिन्सने उरलेल्या प्रती परत घेऊन जाळल्या असं सांगतात. ग्रेने दोन्ही पुस्तकं वाचून मित्राला लिहिलं होतं की दोघंही काही वर्षं टिकायच्या लायकीचे आहेत, पण टिकणार नाहीत. वॉर्टनच्या कवितांबद्दल बरोबर निघाला, कॉलिन्सबद्दल साफ चुकला.

तिसरी पद्धत वर्गणीची. पुस्तक यायच्या आधी पैसे गोळा करायचे आणि सुरुवातीला वर्गणीदारांची यादी छापायची. नवखे लोक ही यादी स्क्रोल करून पुढे जातात, तसं करू नका, कवितेला कोणी उचलून धरलं ते तिथेच कळतं. मेरी लीपॉर ही नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्रॅकलीची, लोकांच्या घरी स्वयंपाकघरात काम करणारी मुलगी, १७४६ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गोवराने गेली. तिच्या कविता १७४८ मध्ये वर्गणीतून निघाल्या, तिच्या वडिलांना मदत म्हणून. १७५१ ला, एलेजीच्याच वर्षी, दुसरा भाग आला, तो कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनच्या छापखान्यात छापलेला. ग्रेची कविता म्हणते की या थडग्यांखाली एखादा न बोललेला मिल्टन (म्हणजे त्या थोर इंग्लिश कवीच्या तोडीचा कोणी) झोपला असेल. बोललेली मेरी लीपॉर त्याच वर्षी बाजारात होती, फक्त आमच्या सिलॅबसमध्ये नव्हती.

एलेजी झाल्यावर पुढे काय वाचायचं तर डॉड्स्लीचा 'अ कलेक्शन ऑफ पोएम्स बाय सेव्हरल हँड्स' घ्या, पहिले तीन खंड १७४८ चे, चौथा १७५५, पाचवा-सहावा १७५८. त्या काळच्या वाचकाच्या कपाटात नवी कविता म्हणून काय असायचं ते एकाच ठिकाणी दिसतं, वॉलपोलची मांजर गोल्डफिशच्या भांड्यात बुडून मेली त्यावरची ग्रेची ओडसुद्धा त्यातच आहे. त्यात कंटाळवाणं पण भरपूर आहे, उगाच सगळं वाचायची शपथ घेऊ नका.

आता कविता

हे सगळं झालं की मग एलेजी वाचा, मोठ्याने, थांबता थांबता. एकूण १२८ ओळी. मधे जागा नाही त्यामुळे कडवं कुठे संपलं ते यमकावरून ओळखायचं, पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी ओळ जुळली की एक कडवं झालं. निम्मी कविता संपत आली की ती जागा येते जिच्यासाठी ग्रेने जागा सोडू नका म्हणून सांगितलं होतं. सभागृहांच्या टाळ्या मिळवणं, दुःख आणि नाशाच्या धमक्यांना न जुमानणं, हसऱ्या देशावर सुबत्ता उधळणं, आणि राष्ट्राच्या डोळ्यांत आपला इतिहास वाचणं. इथे कडवं संपतं. क्रियापद अजून आलेलंच नाही. माझ्या गाइडमध्ये इथे एक रिकामी ओळ होती, वर पुढच्या कडव्याला ठळक नंबर, त्यामुळे माझी तेव्हा समजूत अशी की ही मोठमोठ्या गोष्टींची यादी आहे, ती संपली, पुढे नवा मुद्दा. १७५१ च्या पानावर ती रिकामी ओळ नाही. राष्ट्राच्या डोळ्यांवरून नजर सरळ खाली घसरते आणि पुढच्याच ओळीचे पहिले तीन शब्द येतात, 'देअर लॉट फरबॅड'. नशिबाने होऊ दिलं नाही.